वाळलेलं जाळं

१९७८ साली सिहोऱ्याच्या बालवाडीत रेवता दुपारी पेंगायची आणि मी तिला हलवून जागं करायचो. सकाळी शिकवलेले अंक सुटीपर्यंत विसरायची. शेवटी तिच्या आईला बोलावून म्हणालो, “हिच्या डोक्यात काही राहत नाही. वर्षभर घरीच ठेवा.” तलावात मासे धरणारी तिची आई, बायाबाई म्हणाली, “गुरुजी, तुमी तिले निजू कुठं देता? ओलं जाळं वाळू नाही देलं त सडते. मंग त्यात मासोळी कशी राहीन?” त्या दुपारी मी रेवताला माझा दुपट्टा उशाला दिला. तासाभरानं ती उठली आणि डोळे चोळतच सकाळचे दहाही अंक न अडखळता म्हणाली. संध्याकाळी बायाबाईपुढे मी हात जोडले. “पोरगी इथंच राहू द्या. शिकायचं माझंच राहिलं होतं.” तिनं जुन्या, वाळलेल्या जाळ्याची घडी पुढं केली. “उशाले ठेवा, गुरुजी. तुमचा दुपट्टा मळते.”