दोन थेंब कमी

रेवती कुबलने टाकीतल्या पाण्याच्या नमुन्यात रसायनाचे थेंब तिसऱ्यांदा मोजून सोडले, आणि तिसऱ्यांदाही लालसर पाणी चोविसाव्या थेंबालाच निळं झालं. गेली अकरा वर्षं ते सव्विसाव्याला व्हायचं. म्हणजे मॅग्नेशियम घटलं होतं.

मालवणच्या प्रवाळ स्मारकातल्या या टाकीत खारं पाणी होतं, एक खडक आणि त्यावर प्रवाळाचा पांढराफटक सांगाडा. पृथ्वीवरचं शेवटचं प्रवाळ रेवतीच्या जन्माआधीच मेलं होतं. तरी दर मंगळवारी मॅग्नेशियम मोजायचा नियम कुणी रद्द केला नव्हता, आणि तिनेही एक मंगळवार चुकवला नव्हता.

पण मॅग्नेशियम काही आपोआप उडून जात नाही. अंगावर चुन्याचं कवच चढवायला कुणीतरी ते पाण्यातून घेतलं, तरच ते घटतं.

"बस्त्यावकाका, टाकीत काही नवीन दिसलं का हो?" तिने सफाईवाल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"नाय गो बाय. काचेर गुलाबी डाग पडतत तेवढेच. दोन म्हयने झाले, दर सोमवारी घासून काढतंय."

रेवतीने हातातली नळी खाली ठेवली. "सगळीकडचे काढलेत?"

"खडकाच्या पाठी रवले असतीत. थंय माझो हात खंय पोचता?"

तिने बॅटरी घेतली आणि काचेला गाल चिकटवला. खडकामागच्या कपारीत, चुन्याच्या गुलाबी पापुद्र्यावर, मुगाच्या दाण्याएवढं प्रवाळाचं एक तोंड उघडं होतं. उजेड पडताच ते मिटलं.

काकाही वाकून बघत होते. मग त्यांनी हातातली घासणी हळूच पाठीमागे लपवली, त्या इवल्याशा जिवाला ती दिसू नये म्हणून.