थेंब न पडलेली स्लाइड

ज्या स्लाइडवर अँटीबॉडीचा थेंबही पडला नव्हता, तीसुद्धा तपकिरी झाली होती.

ताईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. तपकिरीच. सगळी लॅब त्यांना ताई म्हणे. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. परवा अँटीबॉडीची बाटली तळाला गेली, म्हणून शेवटच्या स्लाइडवर त्यांनी नुसतं सलाइन घातलं होतं, टाकून द्यायची म्हणून. हाताच्या सवयीनं तीही बाकीच्यांबरोबर रंगात गेली. अँटीबॉडीशिवाय ती निळी राहायला हवी होती. काल त्यांनी मुद्दाम आणखी सहा स्लाइड तशाच केल्या. सहाच्या सहा तपकिरी.

बदललेली किडनी शरीराला परकी असते. शरीरानं तिच्यावर उठू नये म्हणून पेशंट जन्मभर गोळ्या घेतो. पण एखाद्याच्या शरीरात परक्याला सांभाळून घेणारं प्रथिन तयार होतं, आणि ते ओळखणारी अँटीबॉडी ही या लॅबची शान होती. किडनीचा कणभर तुकडा, त्यावर अँटीबॉडी, मग रंग. तपकिरी आलं की प्रथिन आहे, गोळ्या बंद. चार वर्षं हेच चाललं होतं. आता कळत होतं की किडनीचा तुकडा आपला आपणच रंग धरतो. अँटीबॉडी घाला नाहीतर नळाचं पाणी घाला.

रोज एक स्लाइड बिनअँटीबॉडीची ठेवायची, हा या कामातला पहिला धडा. लॅबच्या प्रमुखांनी, सरांनीच, तो बंद केला होता. "कशाला ती रोजची कोरी स्लाइड? नुसती नासाडी," असं म्हणाले होते, आणि ताईंनी मान डोलावली होती. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं म्हणून त्या दुसऱ्यांच्या लॅबना हसायच्या. आज त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

बाहेर बाकावर रिपोर्टासाठी आलेली एक शिंपीण बसली होती. जावेनं दिलेली किडनी तिला बसवून तीन वर्षं झाली होती. "घरात आमचं एक दिवस पटलं नाही, पण तिची किडनी बघा, चकार शब्द काढत नाही," असं ती सगळ्यांना हसून सांगायची. गोळ्यांनी मात्र तिचे हात कापत. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. तिचा तपकिरी रिपोर्ट ताईंच्या टेबलावर तयार होता.

ताई स्लाइडचा ट्रे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर पेनाच्या टोपणानं कान कोरत होते. ताईंनी सगळं सांगितलं. सरांनी टोपण निरखून पाहिलं, पँटला पुसलं. ट्रेकडे मात्र नजरही टाकली नाही.

"फेकून दे," ते म्हणाले.

"सर, या टेस्टवर लोकांनी गोळ्या सोडल्यात. ते मास्तर सहा महिन्यांत परत डायलिसिसवर गेले."

"मास्तरांनी पथ्य पाळलं नाही."

"आणि त्यांच्यानंतरचे तिघं?"

"अगं, माझ्याकडे बघ ना!" सरांनी पोटावर थाप मारली. "बहिणीची किडनी घेऊन बारा वर्षं फिरतोय. या टेस्टची पहिली तपकिरी स्लाइड माझी. मी मेलो का?"

हे ते प्रत्येक पेशंटला सांगत, असंच पोट थोपटून. पेशंट त्या पोटाकडे बघूनच निर्धास्त होत. ताईही झाल्या होत्या. आताही तेवढ्या एका गोष्टीपाशी त्या अडल्या. माणूस तर समोर धडधाकट बसला होता. कदाचित आपलंच कुठं चुकत असेल.

"जा, त्या शिंपिणीला रिपोर्ट दे. आजपासून गोळ्या बंद कर म्हणावं. पुढच्या महिन्यात मला परिषदेत बोलायचंय, आता नसते घोळ नकोत."

तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. दहाचा गजर. रोज दहाला केबिनचं दार आतून बंद असे. सर डुलकी काढतात, असं सगळे गमतीनं म्हणत. आज रागाच्या भरात त्यांना दाराचंही भान नव्हतं आणि समोरच्या माणसाचंही. त्यांनी खण उघडला, चकचकीत पाकीट काढलं आणि दोन कॅप्सूल तळहातावर पाडल्या. मग खुर्ची वळवून खिडकीतला पाण्याचा ग्लास घेतला.

ताईंनी त्या कॅप्सूल ओळखल्या. याच औषधाचं नाव त्यांनी कितीतरी रिपोर्टांवर स्वतः टाइप केलं होतं, आणि पुढे दोन शब्द: 'बंद करावे'. इतका वेळ त्या या माणसाला नुसता हट्टी समजत होत्या.

त्या दारापाशी गेल्या, दार सताड उघडलं आणि हातानं शिंपिणीला बोलावलं. ती पदराला हात पुसत लगबगीनं उंबऱ्याशी आली. सरांची पाठ दाराकडे होती. मान मागे टाकून ते पाणी पीत होते.

"सर," ताईंनी मोठ्यानं विचारलं, "तुमची स्लाइड तर तपकिरी आहे. मग तुम्ही का नाही सोडल्या या गोळ्या?"

सरांनी घोट गिळला आणि वळूनही न पाहता खेकसले,

"वेडी आहेस का? मरायचंय का मला?"