दृष्ट लागू नये म्हणून

शेगडीवरचं कॉफीचं भांडं गुरगुरलं आणि लोरेदाना दचकली. तोवर स्वयंपाकघरात इतकी शांतता होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. हात लांब करून तिने गॅस बंद केला, पण नजर संगणकावरून हलवली नाही. इटलीत सकाळचे नऊ वाजले की तिकिटं खुली होणार होती. तिकडचे नऊ म्हणजे इकडे ऑस्ट्रेलियात, ग्रिफिथमध्ये, संध्याकाळचे पाच.

"आई, आपण लपाछपी खेळतोय?" टेबलाखालून जेम्माने विचारलं.

"हो. आणि लपलेल्याने बोलायचं नसतं."

तिकिटं होती एका चिमुकल्या चॅपेलची, इटलीतल्या वेनेतोच्या डोंगरात, सासूबाईंच्या, म्हणजे पिएरिनाच्या, माहेरगावी. तिथल्या भिंतीवर बाळाला कुशीत घेतलेली मदोन्ना, म्हणजे मेरीमाता, रंगवलेली आहे. पिएरिना नवी नवरी होऊन ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा बस चुकेल म्हणून सगळ्यांनी घाई केली आणि मदोन्नाचा निरोप घ्यायचा राहून गेला. ते शल्य तिने जन्मभर जपलं. आता तिची दृष्टी अधू होत चालली होती. बघायचं ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

सप्टेंबरात पुतणीच्या लग्नाला सगळं घर इटलीला जाणार होतं, पण गावात मुक्काम एकाच दिवसाचा. आणि चित्राला श्वासाची ओल लागते म्हणून दिवसाला दहाच माणसं आत सोडायची. आधी नाव नोंदवलेलं नसेल तर दारातही उभं करत नाहीत. एकाला दोनच तिकिटं. लहान पोरांना तिकीट लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

हे सगळं लोरेदानाने कुणालाच सांगितलं नव्हतं. घराची रीतच ती. एखादी गोष्ट घडायच्या आधी बोलली की तिला दृष्ट लागते, असं पिएरिनाचं ठाम मत होतं. हे घर विकत घेतलंय हे लोरेदानाला कळलं ते सामानाचा ट्रक दारात आल्यावर. थोरल्या दिराकडे, आल्दोकडे, जुळं झालं तेव्हा एकाचीच कुणकुण लागली होती. दुसरं सगळ्यांना थेट बाप्तिस्म्याच्या दिवशी भेटलं. नवीन होती तेव्हा लोरेदाना हसायची. मग एकदा ती "यंदा द्राक्षं काय सुंदर आलीत" असं म्हणून गेली आणि त्याच आठवड्यात गारा पडल्या. तेव्हापासून तिचंही तोंड बंद.

पाच वाजले. तारीख हिरवी झाली. तिने पिएरिनाचं नाव लिहिलं, आडनावात एक अक्षर चुकलं, ते खोडलं, पुन्हा लिहिलं. मग स्वतःचं. बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि एक ओळ उमटली: या दिवसाच्या सर्व जागा भरल्या आहेत.

तिने पुन्हा दाबलं. तीच ओळ.

"जिंकलो का?" टेबलाखालून आवाज आला.

"नाही गं. दुसरे लोक आधी पोचले."

मन मोकळं करावं म्हणून तिने नणंदेला फोन लावला. फियोरेल्ला एरवी पहिल्या घंटीला उचलते; आज लाइन व्यस्त. आल्दोच्या बायकोने, तानियाने, तर फोनच कापला.

मागच्या दारातून तिचा नवरा रेन्झो आला. सकाळपासून मळ्यात वेलींची छाटणी चालली होती.

"हात स्वच्छ कसे रे तुझे?"

"धुतले."

"बाहेर? लग्नाला दहा वर्षं झाली, आज कुठे शहाणपण सुचलं."

"उशिरा सुचलं, पण सुचलं ना?" म्हणत त्याने फोन घाईघाईने खिशात सारला.

पाठोपाठ जेम्माची नोन्ना, म्हणजे आजी, पिएरिना आली. गाल लाल, डोक्यावरचा रुमाल सरकलेला.

"मम्मा, एवढ्या थंडीत कुठे होता तुम्ही?"

"लायब्ररीत. ती खिडकीजवळ बसणारी मुलगी फार गुणी आहे."

"पुस्तक कुठाय?"

"नाही आणलं. चांगलं नव्हतं."

लोरेदानाने कॉफी ओतली. आत्ताच सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं. निदान तिथे दारात गेल्यावर म्हातारीचं मन मोडायला नको.

"मम्मा, गावात गेल्यावर... चॅपेलला बाहेरूनच हात जोडले तर चालेल का?"

दृष्ट टळावी म्हणून पिएरिनाने टेबलाखाली दोन बोटं शिंगांसारखी ताठ केली. "आत्तापासून कशाला बोलतेस? गप्प बस."

रेन्झो कपात तोंड खुपसून खोकला. लोरेदानाला रडू यायचं ते बाजूला राहिलं आणि रागच आला. "या घरात कुणाला कशाचं काही पडलेलं नाही," ती म्हणाली आणि सिंककडे जाऊन जोरात भांडी घासू लागली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून तिने कोपराने बटण दाबून स्पीकर चालू केला. गावाहून जीनो बोलत होता, पिएरिनाचा भाचा. चॅपेलची किल्ली त्याच्याकडेच असते.

"लोरेदाना, एक विचारू? आत्या इथून गेली तेव्हा एकच होती ना?"

"म्हणजे काय?"

"नाही, तुम्ही येणार त्या दिवसाच्या दहा जागा, त्यात पाच पिएरिना. एक रेन्झोबरोबर, एक फियोरेल्लाबरोबर, एक आल्दोबरोबर, एक तानियाबरोबर. सगळ्यांची जन्मतारीख एकच. मी म्हटलं, तिकडची हवा मानवली वाटतं."

लोरेदानाच्या हातातली बशी पाण्यात बुडाली. "आणि पाचवी?"

"ती तुझ्याबरोबर. तीच तर सगळ्यांच्या आधी नंबर लावून बसलीय, तिकडच्या कुठल्याशा लायब्ररीतून."

लोरेदाना वळली. रेन्झो छताकडे बघत होता. पिएरिना कपाच्या तळाशी काहीतरी फार बारकाईने वाचत होती.

टेबलाखालून जेम्मा बाहेर आली.

"आई, पाच नोन्ना आत जाणार, तर मी कुठल्या नोन्नाचा हात धरायचा?"