साहेबांच्या घरचा कचरा

“आई, केळ्याची साल सुक्या डब्यात कशी गेली?”

“गेली असेल घसरून,” आई म्हणाली.

त्याने कपाळाला हात लावला. तो नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक. ओला वेगळा, सुका वेगळा, हे वाढत्या गावाला सांगून सांगून त्याच्या घशाला कोरड पडली होती. नव्या वसाहती शिकल्या. बाजारातले भाजीवाले शिकले. शिकली नव्हती ती त्याची सख्खी आई.

रोज तो कामावर गेला की घंटागाडी दाराशी यायची. गाडीवरची ताई डबा उघडून ओरडायची, “आजी, हे काय हो!” मग दोघी फाटकाशी बसून कचरा निवडायच्या. चांगली पंधरा मिनिटं. तोवर गाडी गल्ली अडवून उभी, आणि मागे शाळेच्या रिक्षांचे भोंगे. अखेर गल्लीकरांनी तक्रार केली. अर्ज फिरत फिरत नेमका त्याच्याच टेबलावर आला. विषय : साहेबांच्या घरचा कचरा.

साहेब पेटले. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून त्याने दोन्ही डबे स्वतः भरले. दुधाच्या पिशव्या धुतल्या. रद्दीच्या घड्या घातल्या.

“अरे, मी करते ना,” आई म्हणाली.

“तू नुसती बस.”

ती खिडकीशी जाऊन बसली.

त्या दिवशी तो कामावर न जाता फाटकाशी थांबला. गाडी आली. ताईने ओला डबा रिकामा केला, सुक्याचं झाकण उघडून पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. तो घड्याळ बघून खूश झाला. ताईचं तोंड मात्र उतरलं.

“आजी बऱ्या आहेत ना?”

“ठणठणीत आहे. पण यापुढे हे मीच बघणार. या वयात तिच्या डोक्यात काही शिरत नाही.”

ताईला हसू आवरेना. “साहेब, मी गाडीवर नवी होते, तेव्हा कशात काय टाकायचं ते मला आजींनीच शिकवलं. अंड्याचं टरफल कुठे, तुटका कंगवा कुठे, सगळं! डबा कालवायला लागल्या त्या तुमचे बाबा गेल्यावर. मलाही कळायला महिना लागला.”

सकाळी सातला तो घर सोडायचा, ते दिवेलागणीला परतायचा. मधले बारा तास आई कोणाशी बोलत असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मागे भोंगा वाजला. “तू पुढची गल्ली घे,” त्याने ड्रायव्हरला सांगितलं. “ताई येतील मागून.”

मग खिडकीकडे तोंड करून त्याने हाक मारली, “आई, जरा बाहेर ये गं! माझ्या डब्यात सगळा घोळ झालाय म्हणतात ताई.”

“मला वाटलंच होतं!” म्हणत आई चपला न घालताच बाहेर आली.