नजरेखालून गेलेला फोटो

"हा कॅमेरा आहे की साबणाची वडी?" बाबांनी तो तळहातावर तोलून पाहिला. "आणि भोक कुठाय याचं? डोळा कुठे लावायचा?"

"डोळा लावायचाच नाही, बाबा. मागच्या पडद्यावर सगळं दिसतं. चेहऱ्यावर नुसतं बोट टेकवलं की फोकस तिथेच बसतो. दोरी नको, गाठी नकोत."

तिला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. पाच वर्षं तिने बाबांच्या फोटो स्टुडिओत त्यांच्या हाताखाली स्टँड उचलला होता, पडदे सरकवले होते, गिऱ्हाइकांच्या कॉलरी सरळ केल्या होत्या. आज पहिल्यांदा एक काम तिच्या एकटीच्या हाती येऊ घातलं होतं. शाळेतल्या चारशे बारा मुलांचे ओळखपत्राचे फोटो, तेही एका दिवसात. मुख्याध्यापिका बाई दहा वाजता नमुना बघायला येणार होत्या.

बाबांच्या हातून एवढी मुलं उरकायला पंधरवडा लागला असता. त्यांची पद्धतच तशी. कॅमेऱ्याला बांधलेली गाठींची दोरी गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत ताणायची, गाठी मोजायच्या, तेवढ्या खाचा भिंगाचं कडं फिरवायचं. मग म्हणायचं, "बोलत राहा, बोलताना चेहरा खुलतो." आणि बोलणं रंगात आलं की खटका दाबायचा. अलीकडे दोन वर्षांत तर दोरीशिवाय त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. वय वाढतं तशी माणसाची शिस्त वाढते, असं ती गिऱ्हाइकांना हसून सांगायची.

"उन्हात दिसतं का या पडद्यावर?"

"नाही," तिने कबूल केलं. "उन्हात आपलंच तोंड दिसतं. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. आणि बोट ओलं असलं तर ढिम्म हलत नाही."

"म्हणजे गुण दुकानदाराने सांगितले आणि दोष तू शोधून काढलेस."

"मुलगी कुणाची?"

बाबा हसले. काचेवरून सावकाश बोट फिरवत म्हणाले, "माझी तक्रार वेगळीच आहे. फार गुळगुळीत आहे गं. बोटाला काही सांगतच नाही." त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. "तुझं काम, तूच कर. मी आत अल्बम चिकटवत बसतो."

दहाच्या ठोक्याला बाई आल्या. कॅमेरा बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"एवढुसा? माझ्या चष्म्याचं घर याच्याहून मोठं आहे!"

"बसा तर खरं, बाई. मोठे कॅमेरे बघून मुलं घाबरतात. याला कोण घाबरणार?"

"मुलं मला घाबरतात. कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलीस!" म्हणत बाई स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या.

तिने पडद्यावरच्या चेहऱ्याला बोट लावलं. चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन उमटला आणि बारीकसा आवाज झाला.

"अगं, मी अजून तयार कुठे आहे?"

"झाला, बाई."

बाईंनी पडदा पाहिला आणि खुर्चीत पुढेच सरकल्या. "ही मी? माझी बहीण म्हणते, तुला हसता येत नाही. तिला दाखवायलाच हवा हा!" त्यांनी दोनदा, तीनदा पाहिला. मग एकदम शाळेतला आवाज लावला. "माझा होकार आहे. पण शब्द तुझ्या बाबांचा हवा. त्यांनी पास केला, की सोमवारी या शाळेत."

हा नियम गावभर माहीत होता. बाबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय स्टुडिओतून फोटो बाहेर पडत नसे. रोज संध्याकाळी ते गठ्ठा घेऊन बसायचे आणि एकेक फोटो हातात धरून तिला विचारायचे, "सांग, यात काय चुकलंय?" हिचे डोळे अर्धवट मिटलेत, याच्या हनुवटीखाली सावली पडलीय, असं ती सांगत जायची. बाबा मान हलवायचे, "बरोबर. बाजूला ठेव." आधी आधी तिचं खूप चुकायचं. पण गेल्या दोन वर्षांत बाबांनी तिला एकदाही खोडून काढलं नव्हतं. आपण तयार झालो, असं तिला त्यावरूनच वाटायला लागलं होतं.

ती कॅमेरा घेऊन आत धावली. उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबली नाही. बाबांची बोटं डिंकाने माखली होती, म्हणून कॅमेरा दोन्ही हातांनी तिनेच त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघा! बाईंना आवडलाय. आता सगळं तुमच्यावर."

बाबांनी मान जरा पुढे केली, जरा मागे घेतली. "सांग, काय चुकलंय?"

"आज मी नाही सांगणार."

"सांग गं."

"नाही म्हणजे नाही! फोटो माझा आणि परीक्षकही मीच? आज तुम्ही सांगायचं."

बाबांनी मान जरा कलती केली. बाहेर बाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या, त्यांचं खळखळून हसणं आत ऐकू येत होतं. बाबांनी फोटो नापास केला, तर चारशे बारा मुलं हातची जाणार होती आणि ती पुन्हा स्टँड उचलायला लागणार होती.

मग बाबांचा चेहरा उजळला.

"वा! बाई काय मोकळ्या हसल्यात! डोळ्यांत केवढी चमक आलीय. हनुवटीखाली सावलीचा ठिपका नाही. पास."

"खरंच, बाबा?"

"अगदी खरं. जा, सांग त्यांना. तुला शिकवण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलं नाही."

"बाई, पास!" ती आतूनच ओरडली. आनंदाने तिने बाबांच्या गळ्यात एक हात टाकला आणि त्यांना आवडलेला तो फोटो स्वतः पुन्हा एकदा बघावा म्हणून कॅमेरा आपल्याकडे वळवला.

धावताना तिचा अंगठा काचेवरून घसरला असावा. पडद्यावर सकाळी उजेडाचा अंदाज घ्यायला काढलेला फोटो होता: मागची कोरी भिंत, आणि रिकामी खुर्ची.