धरलेला श्वास

"शर्टाची बटणं काढा," सिस्टर म्हणाल्या.

काचवाल्याने आधी दाराकडे पाहिलं. दार बंद. मग उबेच्या पेटीकडे. पेटीत त्याचा मुलगा. नऊ दिवसांचा, बाराशे ग्रॅमचा, बापाचा हात अजून न लागलेला.

"सिस्टर, हात बघा माझे, सगळे चिरलेले. याच्या आईचा ताप उतरला की तीच घेईल ना."

"आणि तोवर त्याने काय, पेटीला मिठी मारायची? हात नकोतच मला तुमचे. छाती हवीय. बसा."

तो बसला. सिस्टरांनी बाळ नळ्या-वायरींसकट उचललं, त्याच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका अंगाला वळवली आणि वरून कापडी पट्टा गुंडाळून गाठ मारली.

"आता तासभर उठायचं नाही."

तासभर! दुकानात पाच मिनिटं एका जागी न टिकणारा माणूस! डावीकडे वायर, उजवीकडे नळी, मागे खुर्ची, पुढे पट्टा. पळणार कुठून? मग त्याने तेच केलं, जे मोठी काच हातात आली की तो अठरा वर्षं करत आला होता. दात आवळले, पोट आत ओढलं आणि श्वास धरला.

छातीवरची एवढीशी पाठ वरखाली होत होती. होत होती. थांबली.

मशीन किंचाळलं.

"सिस्टर! घ्या याला! सोडवा मला!"

सिस्टरांनी दोन बोटांनी ती पाठ चोळली. एकदा. दोनदा. बाळाने आचका देऊन श्वास घेतला. मशीन गप्प झालं.

"मघापासून श्वास धरून बसला होतात?"

"काच उचलताना धरावाच लागतो. सोडला की हात हलतो, हात हलला की गेली."

"अहो, ही काच आहे का? इतकी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात. खाली छाती हलत राहिली की त्यांना आठवण होते. तुम्ही दगड झालात तर तो काय करेल?"

"ठेवा त्याला आत. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"ठेवते की. पण वरच्या मजल्यावर त्याच्या आईला निरोप तुम्ही द्यायचा, बापाने दहा मिनिटांत परत केलं म्हणून."

त्याने पोटापर्यंत श्वास घेतला. बाळ वर आलं. सोडला. बाळ खाली गेलं. पुन्हा घेतला. आपोआप होणारं काम आता एकेक करून करायचं, आणि एकही श्वास चुकवायचा नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो त्याने तसाच उतरू दिला.

तास संपला. सिस्टरांनी गाठीला हात घातला. "चला, सुटलात."

तो बोलला, पण श्वास सोडता सोडता, लय न मोडता.

"सिस्टर, पेटी हलत नाही हो."