चौथा पर्याय

लेकीचं पत्र येऊन पाच आठवडे झाले, तरी म्हाताऱ्याने उत्तर धाडलं नव्हतं. पत्र चष्म्याच्या डबीखाली होतं. ते त्याला पाठही झालं होतं.

'बाबा, आमच्या केंद्राच्या संगणकावरून मोडेमने फाईल उतरवताना ती कोणत्या रीतीने पाठवायची, याचे चार पर्याय पडद्यावर येतात. पहिले तीन जगाचे. चौथा मी लिहिलाय. हळू आहे म्हणून कुणी निवडत नाही. पुढच्या महिनाअखेर तो काढून टाकणार आहेत. तुमच्याकडची फोनची लाईन फार खरखरते. तिथे तो टिकतो का, बघून कळवा. तुमचं पत्र मी साहेबांना दाखवीन.'

चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली. आपण संगणकाबद्दल काय कळवणार? या विचारात त्याने तीन कार्डं फाडली होती.

आज अठ्ठावीस तारीख. चहा झाल्यावर त्याने लेकीने घरी बसवून दिलेल्या संगणकावरून केंद्राचा नंबर लावला. मोडेम किंचाळला, यादी आली. त्याने पहिला पर्याय दाबला. उतरलेल्या तुकड्यांचे आकडे भराभर पळाले. साठाव्या तुकड्याला लाईन खरखरली आणि पडद्यावर आलं : 'फाईल अपूर्ण. रद्द.' त्याने पुन्हा तोच दाबला. पुन्हा रद्द.

"लेकीचा सोडून जगाचा घेतलात ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तिचा बिघडला तर तसं लिहावं लागेल मला."

"मग लिहा. मालकाच्या चुका काढताना कधी हात थरथरला नाही तुमचा."

त्याने चार दाबला. एक तुकडा यायचा, मोडेमचा दिवा लुकलुकायचा, मग दुसरा. गोगलगाय परवडली. तो बोटाने आकडे मोजत बसला.

एक्याण्णवला आकडा थांबला. त्याच लाईनवरच्या आतल्या फोनचा रिसीव्हर बायकोने सवयीने उचलला होता, बहिणीशी बोलायला.

"अगं, ठेव तो."

"अगंबाई, चालू आहे होय तुमचं?"

तिने ठेवला. त्याने चष्मा काढला. बुडालं सगळं. पुन्हा चष्मा लावला तेव्हा पडद्यावर ओळ होती : 'एक्याण्णव नीट आला नाही. पुन्हा.' दिवा लुकलुकला. एक्याण्णव. मग ब्याण्णव.

दोनशे चौदा तुकडे पुरे व्हायला पाऊण तास लागला. फाईल म्हणजे या चौथ्या पर्यायाचीच माहिती होती. पहिल्या पानावर लेकीने लिहिलं होतं : 'ही रीत मी घरी शिकले. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून हं म्हणायचं. हं आल्याशिवाय पुढची ओळ नाही. मध्ये दारावर कुणी आलं, तर त्याच ओळीपासून पुन्हा.'

बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. प्रत वाचायची ती, हं म्हणायचा तो.

"मला वाटायचं, पोरगी टेबलाखाली बसून गणितं करतेय," ती म्हणाली.

सगळी पानं त्याने ओळीओळीने वाचली. मग चौथं कार्ड घेतलं.

छापखान्यात त्याला पुन्हाशेठ म्हणत. पहिलं प्रूफ त्याने कधी पास केलं नव्हतं. चूक सापडली नाही तरी खाली लिहायचा, 'पुन्हा एक प्रूफ पाठवा.' कार्डावर त्याने लिहिलं : 'लाईन खरखरली. मध्येच तुझ्या आईने फोन उचलला. तरी एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. छापायला हरकत नाही.' खाली छापखान्यात करायचा तशी पूर्ण सही केली.

बायकोने कार्ड वाचलं. "पुन्हा एकदा उतरवून नाही बघायचं?"

"नाही."

नाक्यावरच्या टपालपेटीत त्याने कार्ड सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला. तो स्वतःशीच हळूच 'हं' म्हणाला आणि घराकडे वळला.